गोशिमारूच्या आत कुणीच नाही

गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला, रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझी मोठी बहीण एका घासणीच्या आत नाहीशी झाली.

असं काही घडलेलं नाही.

हे आमच्या नगरपालिकेचं म्हणणं. मी नगरपालिकेत नोकरीला आहे, त्यामुळे माझंही म्हणणं तेच. तरी जे झालं ते झालं तसं सांगतो. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. खरं सांगून आतापर्यंत एक लेखी ताकीद मिळाली आहे.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात, हे मला ठाऊक आहे. ही भर दुपारी घडली. आमचं ऑफिस सव्वापाचला बंद होतं.

गाव मिनोसे, जपानच्या वाकायामा प्रांताचा किनारा. इथे काथ्याच्या घासण्या बनतात. शिवाय केळी टांगायचा हूक, धुतलेल्या पिशव्या वाळत घालायचं प्लास्टिकचं झाड, बोटात अडकवून वेफर्स खायचा चिमटा. या वस्तू नसल्या तर कुणाचं काही अडत नाही. एकदा घरात आल्या की अडायला लागतं.

गोशिमारू हा गावाचा शुभंकर. माणसाहून उंच अशी काथ्याची घासणी, तिला दोन पाय, दोन पांढरे हातमोजे आणि बशीएवढे डोळे. तोंड नाही. ज्याचं चित्र स्पर्धेत पहिलं आलं, तो तोंड काढायला विसरला होता, आणि निकाल लागल्यावर बदल करता येत नाहीत.

तोंड नाही म्हणून त्याच्या वतीने बोलायला एक माणूस लागतो. तो मी. उजव्या हातात माइक, डाव्या हातात गोशिमारूचा हात, कारण आतून पायापुढचं हातभर सोडून काही दिसत नाही.

आत चिनात्सुताई.

उंची दीडशे सेंटिमीटरच्या आत हवी, अशी जाहिरात होती. गावातून तीन बायका आल्या. दोघींना काथ्याने शिंका सुरू झाल्या. ताई राहिली.

त्याआधी ती एका कारखान्यात असल्याच विचित्र वस्तूंची डिझाइनं करायची. त्यामुळे पोशाखाची आतली बाजू तिने स्वतःच लावून घेतली. दोन पंख्यांचं जाकीट. जवाच्या थंड चहाची बाटली, तिची नळी थेट ओठांपर्यंत. आणि हनुवटीने दाबली की नाक खाजवणारी एक दांडी. आमच्या पर्यटन खात्याचे प्रमुख कुरामोची साहेब हे सगळं बघून म्हणाले की याची नोंद ठेवायला हवी.

ताई म्हणाली, "आत कुणी नाहीच ना साहेब? मग नाक कुणाचं खाजतंय म्हणून लिहिणार?"

साहेबांनी वही मिटली.

कारण मुख्य नियम तोच. आत कुणीच नाही. पोशाख चढला की आतल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही, कसं वाटतंय विचारायचं नाही. मुलाने विचारलंच, तर ठरलेलं वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचं. ते वाक्य मीच बसवलं होतं. चार वर्षं गावातल्या प्रत्येक बालवाडीत जाऊन मी ते मुलांकडून एका सुरात म्हणून घेतलं.

ताईची आणि माझी एक खूण मात्र होती. हात एकदा दाबला, तर चालू दे. तीनदा दाबला, तर बाहेर काढ. तीनदा दाबला की मी माइकवर सांगायचो, गोशिमारू आता वाळायला जातोय, आणि आम्ही मागच्या तंबूत.

नऊ ऑगस्टला देवळाच्या अंगणात झिजलेल्या घासण्यांना निरोप द्यायचा कार्यक्रम असतो. लोक वर्षभराच्या घासण्या घेऊन येतात, भटजी मंत्र म्हणतात, मग त्या जाळतात. गोशिमारूने प्रत्येक घासणीला वाकून नमस्कार करायचा. सकाळी पोशाख चढवताना ताई म्हणाली की आपल्याच भावंडांच्या अंत्यविधीला एवढे डोळे वटारून उभं राहणारी ती जगातली एकटीच असेल. मी म्हटलं, रडायला तोंड लागतं.

एवढंच बोलणं झालं. मग मी चेन लावली.

ऊन सदतीस अंश. शेजारी जाळ.

दोनला फोटोची रांग लागली. दोन वाजून दहा मिनिटांनी माझा हात दाबला गेला...

एकदा. दोनदा. तीनदा.

मी माइक तोंडाशी नेला. तेवढ्यात समोरच्या मुलीने विचारलं. सहा-सात वर्षांची, पिवळी टोपी, गळ्यात पाण्याची बाटली.

"आत कोण आहे?"

मागे वीसेक मुलं. त्यांच्या आया फोन धरून उभ्या. सावलीत कुरामोची साहेब. आधी उत्तर, मग तंबू, असा क्रम मी मनात लावला. वाक्य म्हणायला चार सेकंद लागतात.

हात पुन्हा दाबला गेला. तीनदा. या वेळी बोटं दुखली.

मी हसलो आणि माइकवर म्हणालो, "गोशिमारूच्या आत कुणीच नाही."

...

हात हलका झाला.

हातमोजा माझ्या हातातच होता. बोटं भरलेली होती. गरम होती. फक्त त्यांना वजन नव्हतं. बाजारातून येताना पिशवीतलं कलिंगड कुणीतरी अलगद काढून घ्यावं, तसं.

पंख्यांची घरघर चालू होती. तिच्यामागे एरवी मला ताईचा श्वास ऐकू यायचा...

तो येत नव्हता.

गोशिमारू त्या मुलीला वाकून नमस्कार करत होता. व्यवस्थित, कमरेतून.

मी त्याला तंबूत नेलं. नेलं कसलं, तो आला. मी चेन उघडली.

आत पंखे फिरत होते. नळीच्या टोकाला चहाचा थेंब लोंबत होता. जाकीट घामाने भिजलेलं. खाली ताईचे कापडी बूट, नाड्या बांधलेल्या.

आणि पोशाख उभाच होता.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. काथ्या. काथ्या. मग काहीतरी कोमट...

हात बाहेर काढला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

कुरामोची साहेब आत आले. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चेन लाव. मुलं बघतील."

मी म्हटलं, "साहेब, आत कुणीच नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि तीनच्या नाचाला उशीर नको असंही म्हणाले.

तीनला गोशिमारू नाचला. ताई डावीकडे वळताना नेहमी एक पाऊल चुकायची.

तो चुकला नाही.

संध्याकाळी घरी आईने थंड शेवयांचे तीन वाडगे मांडले होते. मी तिला सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं की चिनात्सु जेवून येणार आहे का. माहीत नाही, म्हटलं. तिने तिसऱ्या वाडग्यावर प्लास्टिक ताणलं आणि तो फ्रिजमध्ये ठेवला. आम्ही जेवलो. शेवया चांगल्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चौकीत गेलो. त्सुजी हवालदार ताईच्याच वर्गातला. शेवटचं कुठे पाहिलं, या रकान्यात मी 'गोशिमारूच्या आत' असं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि नगरपालिकेला फोन लावला. फोन आमच्याच टेबलावर वाजला असणार. मी रजेवर होतो, म्हणून आत कोण असतं असं विचारणाऱ्या फोनसाठी मीच लिहून ठेवलेला उत्तराचा कागद साहेबांनी त्याला वाचून दाखवला. फोन ठेवून त्सुजीने विचारलं, घरात काही भांडण झालं होतं का. मग त्याने लिहिलं : सज्ञान, स्वतःच्या मर्जीने गेली असावी.

"येईल रे परत," तो म्हणाला. "शाळेतही ती तासाला बसायची नाही."

तेव्हापासून गोशिमारूत कुणी शिरत नाही. गरजच पडत नाही. आठवडाभर तो गोदामात उभा असतो. पंख्यांच्या बॅटऱ्या कुणी चार्ज करत नाही. पंखे चालू असतात. रविवारी सकाळी आई येऊन बाटलीत जवाचा चहा भरते.

संध्याकाळपर्यंत बाटली रिकामी होते...

साहेबांना यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. गर्दी वाढली आहे.

आणि मी अजून त्याचा हात धरतो. तेच माझं काम. दर रविवारी, दोनच्या सुमारास, तो हात माझा हात तीनदा दाबतो. वजन नसलेल्या हाताचा दाब कसा लागतो हे मला नीट सांगता येणार नाही. बोटं मात्र दुखतात.

आई फोटोच्या रांगेत उभी राहते. तिचा नंबर आला की ती हातमोजा दोन्ही हातांत धरून हळूच विचारते, "जेवलीस का?" मग मला माइकवर सांगावं लागतं की गोशिमारू सर्वांचे आभार मानतो.

या मे महिन्यात मी ठरवलं. एका वाक्याने जे झालं ते एका वाक्याने उलटं व्हायला हरकत नसावी. सुट्टीचा दिवस होता, अंगण भरलेलं. एका मुलाने विचारलंच, आत कोण आहे.

मी माइकवर म्हणालो, "आत माझी ताई आहे. निशिवाकी चिनात्सु. वय एकतीस."

...

हात जड झाला.

इतका जड, की माझा खांदा खाली ओढला गेला. पंख्यांमागे श्वास आला, खोल पाण्यातून वर आलेल्या माणसाचा असतो तसा. मग आवाज. कोरडा, पण तिचाच.

"रिकू. चेन."

मी मागे गेलो. चेन काथ्यात अडकली होती. वीतभर उघडली... आतून चार बोटं बाहेर आली. हातमोज्याशिवायची. नखांत काथ्या होता.

तेवढ्यात पुढचं एक लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं. बाकीच्या मुलांना वाटलं, हा खेळ आहे. त्या रडणाऱ्याला समजवायला ती सगळी एका सुरात म्हणाली. मी शिकवल्यासारखी. शेवटचा शब्द लांबवून.

"आत कुणीच नाही..."

आयाही हसत त्यांच्यात मिसळल्या. साहेबांनी दुसरा माइक घेतला. रांगेत आई होती. तिचे ओठ हलले नाहीत, हे मी पाहिलं.

एकटी आई पुरत नाही.

चेन सुटली आणि सरसर खालपर्यंत उघडली. आत पंखे फिरत होते.

आठवड्याने मला ताकीद मिळाली. कारण : शुभंकराच्या आत व्यक्ती असल्याची दिशाभूल करणारी माहिती बालकांना देणे. मी सही केली. त्यानंतर तीन रविवार झाले. हात दाबला जातोच आहे, पण आता तिसरा दाब पहिल्यासारखा जोरात येत नाही. मागच्या रविवारी तो आला की नाही, मला खात्री नाही.

म्हणून काल मी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली आहे. मजकूर असा :

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मिनोसे.

विषय : तीन मिनिटे मिळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, येत्या रविवारी दुपारी गावातील सर्व बारा हजार आठशे चाळीस रहिवाशांनी, तान्ही मुले व रुग्णालयात दाखल व्यक्ती यांसह, सलग तीन मिनिटे गोशिमारूच्या आत कुणीतरी आहे असे मानावे, व या कालावधीत कुणीही तोंडातून शब्द काढू नये. तशी सूचना गावातील सर्व कर्ण्यांवरून आगाऊ देण्यात यावी. नगरपालिकेच्या अन्य कोणत्याही मदतीची आवश्यकता नाही. चेन अर्जदार स्वतः उघडेल.