मुठीतली ओल

तो दिवा जरा लांब ठेवा रे, डोळ्यांवर येतो. हं. हे घडलं माझ्या मेहुण्याच्या जावयासोबत, आणि तो माणूस खोटं रचण्याइतकाही हुशार नाही.

शेतीचं मोठं शिक्षण घेतलेला. तोंड उघडलं की समोरचा अडाणी ठरलाच म्हणून समजा. गेल्या वर्षी मेहुणा ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेला आणि संत्र्याची चारशे झाडं याच्या हवाली करून गेला. एकेक झाड त्याने स्वतःच्या हाताने लावलेलं. याने आल्या आल्या जमिनीतली ओल मोजणारा मीटर बसवला. ओल दिसली की पाणी आपोआप बंद. आणि शहाण्याने तो गाडला कुठे? पंपघराला लागून, पहिल्या झाडाच्या ठिबकखाली, थेंब पडतो बरोब्बर तिथे! का? तर वायर आत ओढायचा कंटाळा. मग काय, मीटरला कायम ओलच दिसायची आणि बाकीच्या बागेचं पाणी बंद.

बागेला पाणी देणारे एक काका होते. उजव्या हाताचं मधलं बोट पंपाच्या पट्ट्यात गेलेलं. ते मुळापाशी वीतभर उकरायचे, माती मुठीत दाबायचे. गोळा टिकला तर पाणी नको, फुटला तर सोडा.

“जावईबापू, झाडं सुकतायत. एकदा माती हातात घेऊन बघा.”

“काका, मीटर ओल दाखवतोय. मुठी दाबून शेती करायचे दिवस गेले. उद्यापासून येऊ नका.”

काका गेले. नऊ दिवसांनी कायमचेच गेले. हा दीडशहाणा त्यांच्या मातीलाही फिरकला नाही.

मार्चची अकरा तारीख, मंगळवार. शुक्रवारी सासरे, म्हणजे माझा मेहुणा, दवाखान्यातून घरी येणार होते, आणि इकडे पानं गळत होती. रोग पडलाय, असं हा सगळ्यांना सांगत सुटलेला. रात्री दहा चाळीसला मोबाइलवर येणारा मीटरचा आकडा बंद पडला. साहेब मीटरचे सेल बदलायला निघाले. सेल पहिल्या झाडापाशी एका पेटीत, पेटीला कुलूप. किल्ली एकच, याच्या खिशात.

घराकडून पंपघराकडे जायची वाट बागेतूनच. टॉर्च मारला तर एका झाडापाशी वीतभर खड्डा. काठावर मातीचा गोळा. उंदीर असतील, म्हणाला. उंदीर गोळे वळतात होय रे?

उचलला. हातातच भुगा झाला.

पुढच्या झाडापाशी खड्डा. गोळा. भुगा.

त्याच्या पुढेही.

मग आवाज आला. खर्र... खर्र... कुणीतरी उकरत होतं.

“कोण आहे?”

आवाज थांबला. आणि एक झाड पुढे सरकला.

खर्र...

मागे वळायची छाती होईना. तसाच पहिल्या झाडापाशी पोचला. तिथे खड्डा नव्हता. आवाजही नव्हता. कुलूप जागच्या जागी. किल्ली लावली. पेटी उघडली...

आत गोळा.

ओला. त्यावर तीन बोटांचे ठसे. मधली जागा सपाट.

रात्रभर एकेक व्हॉल्व्ह हाताने उघडून पाणी सोडलं बहाद्दराने. उजाडलं तेव्हा बागेत एकही खड्डा नव्हता. झाडं मात्र जगली. सासऱ्यांना काय सांगितलं ठाऊक आहे? “सेल उतरले होते.” काकांचं नाव काढलं नाही निर्लज्जाने.

पण तो गोळा फेकायची हिंमत अजून झालेली नाही. पेटीतच आहे. परवा मी स्वतः बोट लावून बघितलं. वर्ष उलटलं, अख्खा उन्हाळा गेला...

ओला आहे.