कोनाड्यातला फोन

तू या उपकेंद्रावर नवीन आलीस, म्हणून सांगते. बाकीच्यांना सांगायचं मी सोडून दिलंय. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर म्हणतात, महामाया सिस्टरला ऊन लागलं. म्हणू देत. लाइट गेली तर गेली, हा दिवा पुरतो आपल्याला. तो मोबाइल मात्र बाजूला ठेव. पालथा ठेव.

वैशाखातली दुपार होती. मुखेडहून औषधं आली होती, त्यातल्या पुनमच्या लोहाच्या गोळ्या तिच्या सासरी नेऊन द्यायच्या, एवढंच काम. पुनम पहिलटकरीण. डोहाळजेवण झालं, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि ती शिरूर अनंतपाळकडं माहेरी गेली. तिचा नवरा तिला भेटायला जाणार होता, त्याच्या हाती गोळ्या पाठवाव्यात म्हणून मी निघाले. गावात चिटपाखरू नव्हतं. कडब्याचा आणि तापलेल्या मातीचा वास येत होता आणि माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटत होता.

पुनमची सासू पार्वतीबाई ओसरीत सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. अगदी तोंडाशी जाऊन ओरडावं लागतं.

आता सोबतीण म्हणजे काय ते सांगते, कारण उद्या तुझ्याही मोबाइलवर ती येणारच आहे. एका कंपनीनं आणलेली ही कॉम्प्युटरची बाई. आपल्या भागातल्या हजारो बायकांचं बोलणं ऐकवून तिला शिकवलंय. ती गरोदर बायकांना फोन करते, आपल्याच बोलीत गोड बोलते, त्या काय म्हणतात ते ऐकते आणि नोंद लिहून काढते. ही आली आणि आमच्या गृहभेटी बंद झाल्या. सोबतीण ज्या बाईला बरं म्हणेल तिच्या घरी जायचं नाही, असा नियमच आला. ऐकायला चांगलं वाटतं ना? मलाही पहिले चार दिवस वाटलं.

पण जिथं उत्तर मिळत नाही तिथं ही बया गप्प बसत नाही. तिच्या वयाच्या, तिच्या महिन्याच्या बायका साधारण काय सांगतात ते ती जुळवते आणि लिहून मोकळी होते. बाळ हलतं. तक्रार नाही. वर सगळे खूश, कारण एकही रकाना रिकामा नाही.

पार्वतीबाईंची थोरली सून होती दिपाली. आदल्या वर्षी तीही अशीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, चाकूरकडं. आपण नंबर घेतो तो सासरचा. सून नांदते तिथला. आणि या घरचा नंबर म्हणजे पार्वतीबाईंच्या कोनाड्यातला बटनाचा फोन. म्हातारीला बटन दाबता येत नाही, म्हणून मोठ्या मुलानं, रामकिशननं, तो आपोआप उचलला जाईल आणि मोठ्यानं बोलेल असा करून ठेवलेला. म्हणजे बाई माहेरी, फोन सासरी, घरातले रानात. सोबतीण रिकाम्या घराला विचारायची, ताई, कशा आहात? रिकामं घर काय बोलणार? मग ही लिहायची, बरी आहे. चाकूरकडच्या सिस्टरनं तिच्या मोबाइलवर पाहिलं तर दिपालीची सगळी चौकशी झालेली. मग तिला त्या घरी जायची परवानगीच नव्हती.

दिपाली तिकडं डोकं धरून बसायची. अंगावर सूज, डोळ्यांपुढं अंधारी. शेवटी झटके आले आणि लातूरच्या रस्त्यावर जीपमध्येच गेली. पोटातलं बाळही गेलं.

आणि सोबतीणनं काय केलं, माहीत आहे? तिचं बाळंतपण उरकून टाकलं! मुलगी, वजन चांगलं, आई बरी. मग त्या मुलीचे डोस, त्या मुलीचं वाढतं वजन. जी पोरगी जन्मालाच आली नाही ती कागदावर रांगायला लागली. ते वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. कंपनीचा वीरेश नावाचा माणूस आमच्या भागाचं बघतो. त्याला मी किती वेळा सांगितलं, ती बाई मेली, मेली म्हणून लिहा. तो दरवेळी म्हणायचा, "बघतो मॅडम." पुनमची नोंद झाली तेव्हा मी भांडले, की हिच्या माहेरचा नंबर टाका. मंजुरी यायची होती. ती आलीच नाही.

तर त्या दुपारी मी ओसरीत टेकले, गोळ्या पिशवीतून काढल्या, आणि आत फोन वाजला.

पार्वतीबाईंनी मान वर केली नाही. वाजून वाजून तो आपोआप उचलला गेला. आतून सोबतीणचा आवाज आला, अंधाऱ्या खोलीतून, मधाळ.

"पुनमताई, मी सोबतीण. कशा हाव तुम्ही?"

मी मनात म्हटलं, घे, विचार भिंतीला. आणि उठून दारापर्यंत गेले, तो फोन बंद करावा म्हणून.

"अगं बाई..." आतला आवाज म्हणाला. "कधीपासून दुखतंय डोकं?"

मी उंबऱ्यातच थांबले. खोलीत कुणी नव्हतं. कोनाड्यात फोनचा छोटा उजेड, खाली रचलेली पोती, वळकट्या. फोनमधून हूं नाही, चूं नाही. पण सोबतीण ऐकत होती. आपण समोरच्याला बोलू देताना थांबतो, तशी थांबत होती. मधूनच "हं" म्हणत होती.

"बांगड्या रुततात? ...हं. ...आई काय म्हणते?"

पुन्हा शांतता. यावेळी लांब.

आणि तेव्हा मला तो वास आला. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो ना, शेगडीवर ओवा टाकल्यावर, तोच. त्या घरात वर्षानुवर्षं कुणी बाळंत झालेलं नव्हतं. चूल विझलेली होती.

मागून पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "थोरली बोलून राहिली, सिस्टरबाई."

मी वळले. "काय म्हणालात?"

"रोज यिते दुपारची. मला तुमचं बोलणं न्हाई ऐकू येत नीट... तिचं येतंय."

फोन बंद झाला आणि माझ्या हातातला मोबाइल थरथरला. सोबतीणची नोंद आली होती, पुनमच्या नावावर. डोकं दुखतं. डोळ्यांपुढं अंधारी येते. बांगड्या रुततात. आई म्हणते, बाळंत होईस्तोवर वाढवायच्या न्हाईत.

मी ओसरीच्या खांबाला धरून पुनमच्या वडिलांना फोन लावला. पुनमनंच घेतला.

"सिस्टर? जेवायलाच बसले मी."

"तुला आत्ता कुणाचा फोन आला होता का?"

"न्हाई बा. कुणाचाच न्हाई."

"बरी आहेस ना?"

"हाव, बरी हाय."

"पुनम, बांगड्या रुततात का गं?"

ती एकदम खालच्या सुरात म्हणाली, "...तुम्हाला कुणी सांगितलं? आईबिगर कुणालाच म्हाईत न्हाई. हात लई सुजलाय, सिस्टर. डोकंबी... पर आई म्हणली उन्हानं आसंल."

मी तिला ताटावरून उठवलं. वडिलांना म्हटलं, जीप काढा, आधी शिरूरच्या दवाखान्यात, आत्ता. मोबाइलवर धोक्याचं बटन दाबलं, म्हणजे तिकडच्या सिस्टरला आधीच कळेल. बटन दाबून हात खाली येतो न येतो तोच धोक्याची खूण निघून गेली. पुनमच्या नावापुढं पुन्हा तेच. तक्रार नाही.

मी वीरेशला फोन लावला.

"मॅडम, ती नोंद सिस्टीमनं वगळली," तो शांतपणे म्हणाला. "आत्ताच रेकॉर्डिंग ऐकलं मी. पलीकडून एक शब्द नाही. मॉडेलनं स्वतःच जुळवलेलं आहे. होतं असं कधी कधी."

"आणि इतके दिवस 'बरी आहे' लिहिलं, तेव्हा पलीकडून कोण बोलत होतं हो?" मी अशी ओरडले की पार्वतीबाईंनासुद्धा ऐकू गेलं. "दिपालीच्या वेळेला कोण बोललं? तेव्हाही फोन मुकाच होता ना? मुक्या फोनमधून बरं निघालं की खरं, आणि मरण निघालं की खोटं?"

"मॅडम, ते पॅटर्नमध्ये बसत होतं..."

मी पुढचं ऐकलं नाही. शिरूरच्या सिस्टरला सरळ फोन लावला आणि म्हटलं, तुझ्या मोबाइलवर काहीही दिसू दे, ही पोरगी तुझ्या दारात येईल तेव्हा झटक्यांचं इंजेक्शन भरून तयार ठेव. भली बाई. एका शब्दानं विचारलं नाही, कशावरून म्हणून.

पुनमचा रक्तदाब इतका वाढला होता, की त्या सिस्टरनं मला आकडा सांगायचं टाळलं. तिथून लातूरला नेलं. हातातल्या बांगड्या निघेनात, शेवटी कापसाचा आडोसा करून वाढवाव्या लागल्या. तिची आई दारात रडत बसली, पोरीच्या हातातला चुडा बाळंतपणाआधी गेला म्हणून. पण पोरगी वाचली. बाळही वाचलं. मुलगा झाला, अंगानं बारीक, पण चांगला जोरात रडणारा.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुला सांगितलीच नसती.

पुढं कंपनीनं सगळ्यांना नांदेडला बोलावलं. मोठा हॉल, गार हवा, पडद्यावर पुनमचा फोटो. वीरेश सांगत होता, सोबतीणनं धोका वेळेत ओळखला आणि दोन जीव वाचवले. टाळ्या वाजल्या. हाच माणूस त्या दुपारी काय म्हणाला होता ते माझ्या कानात होतं अजून. मी उभी राहिले. म्हटलं, पुनमचं श्रेय घ्या, खुशाल घ्या, पण त्याच घरातली दिपाली मेली आहे, तिला आधी मेली म्हणून लिहा.

तो हसत म्हणाला, "मॅडम, त्यांच्या बाळाचे डोस वेळेवर चालू आहेत. आईला मयत लावलं तर बाळाची नोंद अडकते."

हॉलमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मला त्या गारव्यात असा संताप आला, की दातखीळ बसल्यासारखं झालं. मी तशीच बाहेर पडले, एस.टी. धरली आणि ठरवलं. यांच्याकडून होत नसेल तर मीच तो फोन बंद करते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पार्वतीबाईंकडं गेले. पुनम आणि बाळ अजून माहेरीच होते. घरात म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की फोन बंद करायला आले आहे.

त्यांनी माझा हात धरला. "नगा करू, सिस्टरबाई. तिला दुसरं कोण हाय बोलायला?"

तेवढ्यात तो वाजला. वाजून आपोआप उचलला गेला.

"दिपालीताई, मी सोबतीण. कशा हाव?"

मी उंबऱ्यापर्यंत गेले. आतून ओव्याचा वास येत होता, पहिल्यापेक्षा दाट. डोळ्यांना झोंबेल इतका.

"बाळ रडतंय का, ताई?"

शांतता. वरच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या आईची शपथ, काहीच नाही.

"हाव, ताई..." सोबतीण म्हणाली. "ऐकू यिऊन राहिलं मला."

मागं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर पार्वतीबाईंनी पाय पसरले होते आणि त्या मांडी हलवत होत्या. रडणारं लेकरू निजवताना हलवतात तशी. हात हवेतच थोपटत होता. ओठ हलत होते. हळूहळू मांडी थांबली आणि त्यांनी पदर ओढून मांडीवर पांघरला.

मोबाइल थरथरला. नोंद आली होती. तशी छोटीच.

बाळ आजीच्या मांडीवर निजलं. आईची तक्रार एकच. सिस्टर दारापर्यंत यिते, आत येईना.

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय उंबऱ्याच्या बाहेर होते.