वाफेत उमटलेला नांगर

"आजी, थांबा! घासू नका!"

रेवती दारातूनच ओरडली. मथुराआजींचा चिंचेने माखलेला हात किटलीजवळ येऊन थबकला.

"घासू नको तर काय करू? मोडीत द्यायचीय. आता भांडीवाला येईल, त्याला अशी काळी किटली देऊ?"

"मोडीत?" नमिताचा आवाजच चिरकला. "आजी, अगं ती पणजोबांची किटली आहे!"

"खोटी हाय, बोलले ना ते साहेब," आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर वेसाव्याच्या खाडीत ओहोटी लागली होती. होड्या चिखलात आडव्या होऊन दुपारच्या झोपेत होत्या.

'ते साहेब' म्हणजे रेवतीचे नंदकुमार काका. मे महिन्याच्या सुट्टीत पार्ल्याच्या हॉलमध्ये ते घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होते. रेवतीची मैत्रीण नमिता सकाळी आजीला आणि किटलीला घेऊन तिथे आली होती. इंग्रजांच्या काळात एक आगबोट धुक्यात खडकांशी अडकली, तेव्हा आजींच्या वडिलांनी, बळवंतांनी, आपली होडी पुढे घालून तिला वाट दाखवली. कप्तानाने खूश होऊन आपल्या टेबलावरची किटली त्यांना दिली. आजी हे सगळं मोठ्या हौसेने सांगत होत्या. काकांनी मात्र किटली पालथी केली आणि हसून म्हणाले, "अहो, इथे तर 'मथुरा १९७४' लिहिलंय! तेव्हा कुठले इंग्रज? आणि ही काही चांदी नाही. कडा पिवळ्या पडल्यात बघा. बाजारातली असणार!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. आजी किटली उचलून घरी निघून आल्या होत्या आणि ती नीट बघायला मुलं त्यांच्या मागोमाग धावली होती.

"बाबांनी पार वाट लावली, यार," ओजस पुटपुटला. तो काकांचा मुलगा, रेवतीचा चुलतभाऊ. खिशातून त्याने पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग काढलं. "हे घे. पण पटापट कर. भांडीवाला आला तर संपलंच!"

रेवतीने किटली मांडीवर घेतली. तिच्या गोल पोटात खिडकी वाकून बसली होती, आणि खिडकीत इवल्याशा होड्या, इवलंसं आकाश. क्षणभर तिला वाटलं, किटलीच्या आतही एक समुद्र आहे आणि त्यातून अजून एक बोट चाललीच आहे.

"ए, झोपलीस काय?" नमिताने तिला ढोसलं.

"आजी, तुमचं नाव कधी घातलं हिच्यावर?"

"लग्नात. बापसानं मला दिली तवा नाक्यावरच्या दुकानात कोरून घेतली. नाव नाय घातलं तर सासरच्या भांड्यांत मिसळते ना!"

"म्हणजे चौऱ्याहत्तर हे लग्नाचं साल!" नमिताने टाळी वाजवली.

"आमच्या एका पातेल्यावर माझ्या बारशाची तारीख आहे," ओजस म्हणाला. "पण बाबा म्हणतील, लग्नातच नवी घेतली आणि नाव घातलं. सिद्ध कसं करणार?"

रेवती भिंगातून बघत होती. "ओजस, मोबाईलचा टॉर्च लाव. वरून नको, आडवा धर."

आडव्या उजेडात बुडाचा प्रत्येक ओरखडा वर आला. 'मथुरा १९७४'च्या शेजारी, काळ्या थराखाली, बारीक ठसे होते: एक घंटा, चार इंग्रजी अक्षरं आणि ढालीत एकच अक्षर.

"रंग बघ," रेवती हळूच म्हणाली. "आजींच्या नावाच्या खाचांत पिवळट धातू दिसतोय. म्हणजे ते चांदीचा मुलामा चढल्यावर, तो फोडून कोरलंय. पण घंटेच्या खाचेत?"

नमिता वाकली. "पांढरं! खाचेच्या तळातसुद्धा चांदी आहे!"

"कारण कारखान्यात आधी ठसा मारला आणि मग मुलामा दिला. दोन्ही खुणा एका वेळच्या नाहीतच! आणि ही चार अक्षरं म्हणजे जर्मन सिल्व्हरवर, म्हणजे चांदी नसलेल्या पिवळट धातूवर, चांदीचा मुलामा. काका तेवढं बरोबर बोलले."

"मग ढालीतलं अक्षर?" असं म्हणत ओजसने मोबाईलवर शोधायला सुरुवात केली. नेट सारखं अडकत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरोळी आली, "भांडीयेऽऽ! जुनी भांडीऽऽ!"

आजी उठल्याच!

"सापडलं!" ओजस किंचाळला. "घंटा म्हणजे इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक कारखाना! ते दरवर्षी अक्षर बदलायचे. हे अक्षर... एकोणीसशे चौतीसचं!"

"तेव्हा पणजोबा तरुण होते!" नमिता नाचायलाच लागली.

"जुनी असेल," आजी दारातून म्हणाल्या. "पण बोटीवरची कशावरून? बापूस खोटा तो खोटाच."

भांडीवाला दाराशी पोचला होता. रेवतीने किटली छातीशी धरली. नळीखालची जागा फार गुळगुळीत होती, वर्षानुवर्षं घासून झिजलेली. भिंगातही काही दिसेना. चष्मा पुसताना करतात तसा तिने तिथे एक मोठा 'हाऽ' केला.

वाफ पसरली. आणि त्या पांढुरक्या धुक्यात दोराच्या गोल वेटोळ्यातला एक नांगर उमटला! बोटीचा नांगर! सगळे बघत राहिले तोवर तो विरघळून गेलासुद्धा.

"परत कर," आजी कुजबुजल्या.

नांगर परत आला. आजींनी मागे न वळताच सांगितलं, "आज काय नाय रे, बाबा. जा."

संध्याकाळी हॉलमध्ये काकांनी भिंगातून दोन्ही खाचा पाहिल्या, वाफेतला नांगरही पाहिला. मग सगळ्यांसमोर हात जोडले. "आजी, माफ करा. मी पालथी केली आणि पहिलं दिसलं तेवढंच वाचलं. तुमचे वडील खरं बोलत होते." मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाब्बास रे! डोळे असावेत तर असे!"

"आणि फुफ्फुसं!" ओजस म्हणाला.

किटली दारासमोरच्या टेबलावर गेली. शेजारच्या पाटीवर 'बळवंत, वेसावे' एवढं ठळक अक्षरांत होतं. श्वास सोडून बघायला मुलांची रांग लागली.

हॉल रिकामा झाल्यावर आजी स्वतः वाकल्या. वाफेत नांगर उमटला. पुसायला पदर हातात होता, पण त्यांनी पुसला नाही. तो आपला आपण धुक्यात जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.