रेतीच्या सदतीस पिशव्या

"चाळीस पिशव्या रेती. प्रत्येकीत बरोब्बर एक किलो," मनाली म्हणाली, तसा दिपेश खुदकन हसला. घणसोली गावातल्या त्याच्या दुकानातून रेती जायची ती डंपरने!

"भातुकलीचा बंगला बांधताय का मॅडम?"

"विमानाचा पंख मोडतो का ते बघायचंय!" ती तणतणली. "कॉलेजात बनवलाय. उडताना हवा पंखाला वर ढकलते, म्हणून तो उलटा ठेवून वर वजन रचायचं. चाळीस किलो पेललं तर पास... नाहीतर वर्ष गेलं."

पंखाच्या बरगड्यांमधून जाणारा मुख्य दांडा, म्हणजे स्पार, तिनेच हट्टाने बारीक करायला लावला होता. वजन कमी व्हावं म्हणून. तिच्या गटातले सगळे नको नको म्हणत होते.

दिपेश एकेक पिशवी काट्यावर ठेवत होता. "विमान हवेपेक्षा हलकं असतंय?"

"छे! हलका तो फुगा. विमान आणि हेलिकॉप्टर दोन्ही हवेपेक्षा जड. पंख स्थिर असतील तर विमान, फिरते असतील तर हेलिकॉप्टर."

"आनि मी कुठल्या वर्गात?"

"जड. बिनपंखी," ती म्हणून गेली... आणि उगाचच लाजली.

शनिवारी पिशव्या घेऊन तो स्वतःच आला, आणि वर्कशॉपच्या दारात रेंगाळला. दिनानाथ सर मोजत होते. तीस... पस्तीस... पंख वाकत चालला, तसा मनालीला घाम फुटला. सदतीस. अडतिसावी पिशवी ठेवली मात्र —

कट्!

"सदतीस किलो," सरांनी लिहिलं. "नापास."

मनालीला रडूच कोसळलं. माझ्याच हट्टापायी सगळ्यांचं वाटोळं झालं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"सर, थांबा!" दिपेश पुढे आला. चेहरा पांढराफटक. "पिशव्या परत मोजा. वजन केल्यावर, बांधताना मी परतेकीत मूठभर रेती वर घातली. चूक माझी हाय."

सर भडकले, पण मोडण्याआधीच्या सदतीस पिशव्या काट्यावर चढल्याच. चाळीस किलो सातशे! सरांनी आपला शेरा खोडला, आणि पोरांनी एकच गलका केला.

मनालीने दिपेशला बाहेर गाठलं. "बरोब्बर एक किलो सांगितलं होतं ना? जीव गेला असता माझा! सगळ्यांनाच अशी मूठ घालता?"

"नाय." तो जमिनीकडे बघत राहिला. "गिऱ्हाइकाला काट्यावर असेल तेवढंच. वरची मूठ फकस्त आपल्या मानसाला... आमच्या घरात तशी रीत हाय. हात आपोआप गेला."

ती त्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर... काय बोलली असतीस?"

"हो म्हटलं असतं, वेड्या," मनाली म्हणाली.