कोमलची पालक

"वैनी, आज सभेला तुमी यायचं न्हाई."

कैलास उंबऱ्याबाहेरूनच बोलला आणि नंदाबाईच्या हातातले कोमलच्या वेणीचे पेड तसेच थांबले. घर एकच, मधोमध भिंत घातलेली, अंगण सामायिक; पण थोरला भाऊ बजरंग गेल्यापासून हा दीर वहिनीच्या दाराशी आला तो फक्त रस्त्याकडेच्या जमिनीचं बोलायला. आज शाळेचं बोलायला आला होता, पण सूर तोच होता.

"पालकांची सभा हाय ना, भावजी? मग कोमलसाठी दुसरं कोन जानार?"

"पालकांची हाय, म्हनूनच सांगतोय. पोरीच्या नावाफुडं बापाचं नाव माझं हाय."

एवढं बोलून तो गेला. कोमलची पाठ दाराकडे होती. कोणी आलं होतं आणि गेलं, याचा तिला पत्ताही नव्हता.

नाव त्याचंच होतं, खोटं कसं म्हणायचं? कोमल जन्मली ती कैलासच्या बायकोच्या, सविताच्या पोटी. आधीची एक मुलगी होती, पिंकी, ही दुसरी. थोरल्या सुनेची कूस उजवली नव्हती, म्हणून सासूनं बारशाच्या दिवशी पाळण्यातून पोर उचलली आणि देवासमोर नंदाबाईच्या ओटीत घातली. भावकीनं गूळ खाल्ला आणि विषय संपला. आता ओटीत घातलेल्या पोरीचा कागद करायचा असतो, हे आमच्या सुदुंबऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर कोणाच्या बापाला सुचलंय? कागद मागितला तर भावाचा भावावर विश्वास नाही असं होतं. त्या विश्वासापायी पोरीला शाळेत घालतानाही जन्मदाखल्यावरचंच नाव लावलं, कैलासचं.

मग सासू गेली, बजरंग गेला, जमिनीला भाव आला आणि कैलासच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की कोमल सरकारदरबारी नंदाबाईची ठरली तर नंदाबाईच्या मागे बजरंगच्या हिश्शाला वारस उभा राहतो! तोवर ती पोर जेवली का उपाशी निजली, हे त्यानं भिंतीपलीकडून एकदाही विचारलं नव्हतं.

नंदाबाईला त्या हिश्शाचं सोयरसुतक नव्हतं. तिच्या जिवाला घोर लागला होता तो पोरीच्या कानांचा...

शाळेच्या मुख्याध्यापिका अनघाबाई यांनीच तिला बोलावून सांगितलं होतं. "फळ्यावरचं कोमल मोत्यासारखं उतरवते, पण श्रुतलेखन दिलं की वही कोरी. आम्ही तिला मठ्ठ समजत होतो, चुकलंच आमचं. ती आमच्या तोंडाकडे बघून समजून घेते, नंदाताई. मी फळ्याकडे वळले की तिचं सगळं थांबतं. तिला फार कमी ऐकू येतंय."

नंदाबाईला तेव्हा एकदम कळलं, की घरात हे कोणाला दिसलं कसं नाही. पोरीला हाक मारायची तर ती समोर जायची, खांद्यावर हात ठेवायची. पाहुण्यांनी नाव विचारलं तर "लाजाळू हाय वो" म्हणून स्वतःच सांगून टाकायची. जिथं कान हवे होते तिथं माया उभी केली आणि दुखणं तिच्याआड लपून राहिलं! वडगावला मुलांचे कान तपासायचं शिबिर होतं, यंत्रही मिळणार होतं, फक्त पालकाची संमती हवी होती. आणि कैलास म्हणाला होता, "बहिरी म्हनून शिक्का मारून आनायचाय का माझ्या पोरीवर?"

म्हणून नंदाबाई सभेला गेली. नको म्हटलं होतं तरी गेली.

शाळेच्या ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. शाळेची व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायची होती आणि अध्यक्षपदाचं बाशिंग कैलासनं आधीच गुडघ्याला बांधलं होतं. सविता बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. कोमल खांबाला टेकून नंदाबाईला न्याहाळत होती. निवडीआधीची कामं झाल्यावर नंदाबाई उठली.

"कोमलला वडगावला न्यायचंय. तिला ऐकू येत न्हाई. मी तिची पालक म्हनून..."

"तू कोन गं?"

अख्ख्या ओसरीच्या माना कैलासकडे वळल्या. लग्न होऊन आल्यापासून ज्या दिरानं 'तुमी' शिवाय हाक मारली नव्हती, तो भर गावात 'तू' वर आला होता...

"स्वोताच्या पोटाला पोर न्हाई," कैलास सगळ्यांकडे बघत म्हणाला, "आन हितं पालक म्हनून मिरवायला आली."

नंदाबाई खाली बसली नाही. तेवढ्यात अनघाबाई म्हणाल्या, "कैलासराव, जपून बोला. मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीलाही कायद्यानं पालक धरतात. सभेनं तसं नोंदवलं तर मी वर कळवते."

बायका माना डोलवू लागल्या. "नंदाच तर सांभाळती की पोरीला," कोणीतरी मागून म्हणालं. कैलासनं वारं ओळखलं. तो लबाड होता, मूर्ख नव्हता.

"संमती मी देतो," तो म्हणाला. "आत्ता देतो. पन हिनं समद्यांसमोर म्हनावं, का मी कोमलची कोनी न्हाई. आन पोर आजपासून माझ्या घरात."

"नंदाताई, असं काही म्हणू नका," अनघाबाई कळवळून म्हणाल्या. "आपण वर लिहू. थोडा वेळ लागेल, पण..."

"शिबिर कवा हाय, बाई?"

"पुढच्या आठवड्यात. ते चुकलं तर मात्र पुढच्या वर्षी."

आणखी एक वर्ष! वर्गात मागच्या रांगेत, मठ्ठ म्हणून, कोऱ्या वहीपुढे... नंदाबाईनं खांबाकडे पाहिलं. कोमलचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले. हा एक शब्द त्या पोरीला कळता कामा नये. नंदाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं, पदर ओठांवर घेतला आणि म्हणाली, "मी कोमलची कोनी न्हाई. पोर भावजींची आन सविताची हाय."

बायका हळहळल्या. बिचारीला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं म्हणाल्या. लोकांना काय, जे दिसतं तेच ते बोलणार.

कैलास अध्यक्ष झाला. पोर भिंतीपलीकडे गेली.

पुढचे दिवस नंदाबाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. भिंत कसली, नुसत्या विटा. पलीकडचा प्रत्येक शब्द अलीकडे येई. सविता चुलीकडे तोंड करून पोरीला हाक मारायची, पोर हलायची नाही. सविता पुन्हा हाक मारायची, मग ओरडायची, मग पाठीत धपाटा... आणि कोमलचं ते गोंधळलेलं रडणं! नंदाबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. शब्द दिला होता तिनं.

एका सकाळी मात्र तिला राहवलं नाही. धपाटा ऐकू आला आणि ती अंगणातून तशीच सविताच्या दारात गेली.

"मारतीस कशाला गं? तिच्या म्होरं जा, तोंडाकडं बघून बोल. मुजोर न्हाई ती, तिला ऐकूच येत न्हाई!"

सविता वळली. हातात लाटणं, चेहरा लालबुंद. "तुमी सांगनाऱ्या कोन? सभेत म्हनलात न्हवं, कोनी न्हाई म्हनून?"

"म्हनले. तिच्या कानासाठी म्हनले. पन तू आई हायेस ना? आईला दिसू नये एवढं?"

"आई?" सविता हसली, आणि ते हसणं ऐकून नंदाबाई मागे सरकली. "मला आई कोनी होऊ दिलं, आक्का? ओली बाळंतीन व्हते मी. पाळन्यातनं पोर उचलली, तवा मला इचारलं का कोनी? गूळ खाल्ला समद्यांनी. हिकडं माझं दूध फुटून चोळी भिजायची, आन तिकडं तुमी तिला वाटी-चमच्यानं गाईचं पाजायच्या. भिंतीला कान लावून ऐकायचे मी. रडली तर जायची सोय न्हाई, सासूबाई दारात बसलेल्या. मग सवयच लावून घेतली, तिच्याकडं बघायचंच न्हाई... आन आता म्हनता दिसलं कसं न्हाई!"

ओटी भरली त्या दिवसाचं सुख नंदाबाईनं आजवर किती वेळा आठवलं होतं! पण दुसऱ्या एका ओटीतून काढून ती भरली होती, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"मला ठावं न्हवतं गं," ती एवढंच म्हणाली.

"इचारलंच कवा?" म्हणून सविता आत गेली. दोघींचं त्यापुढे बोलणं झालं नाही.

शिबिराच्या दिवशी कैलास पांढराशुभ्र शर्ट घालून वडगावला आला. अध्यक्ष होता ना, फोटोत यायचं होतं. सविता आणि कोमल त्याच्या गाडीवर. नंदाबाई मागून जीपनं आली आणि सभागृहाबाहेर झाडाखाली बसली. आत जायचा हक्क तिनं स्वतःच्या तोंडानं घालवला होता, पण बसायला कोणाची बंदी नव्हती.

आत कान तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "मुलीची आई कोण?"

सविता पुढे झाली.

"कोणत्या कानानं थोडं ऐकते ती? लहानपणी मोठा ताप वगैरे? बोलायला कधी लागली? आधी ऐकत होती आणि मग कमी झालं, की पहिल्यापासूनच?"

कोमल कधी बोलायला लागली, पहिल्यांदा काय म्हणाली, कोणत्या कुशीवर निजते... जन्म दिलेल्या पोरीबद्दल सविताला यातलं काही सांगता येईना.

"पयल्यापासून चांगली ऐकायची," कैलासनं ठोकून दिलं. "लिवा तसं."

"खोटं हाय," सविता म्हणाली. ती उठली, बाहेर गेली आणि झाडाखालच्या नंदाबाईला मनगटाला धरून आत घेऊन आली. "हिला इचारा. ही तिची आई."

"सविता, गप बस."

"गपच तर बसलेय बारशापासून." सविता थांबायला तयार नव्हती. "सासूबाईंनी दिली व्हती, मी दिली न्हवती. आज मी देते, माझ्या तोंडानं देते. ताई, पालक म्हनून नंदाबाई बजरंग लिवा. माझा अंगठा मागा, न्हाईतर सही, कुटं करायची तितं करते."

"जमिनीचं बघतोच मी, आन तुमा दोघींकडं बी!" कैलास दात-ओठ खात म्हणाला आणि फोटोची वाट न बघता निघून गेला. जाताना त्यानं कोमलकडे पाहिलंही नाही. तो कोर्टाची पायरी चढणार, भावकी जमवणार, अंगणात आणखी एक भिंत घालणार, हे दोघींनाही कळत होतं.

नंदाबाई डोळे पुसून ताईंसमोर बसली. "उजवा कान थोडा चालतो. ल्हान असताना गोवर आला व्हता, लय तापली व्हती, तवापासूनच कमी झालं असनार, आत्ता ध्यानात येतंय..." ती सांगत गेली. तपासणी झाली, मापं घेतली, यंत्र मिळेल असं ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सविता घुटमळली. "आक्का, तिला बोलवायचं कसं असतं?"

"म्होरं जा. खाली बस, तिच्या डोळ्याला डोळा लागू दे. मग सावकाश बोल."

सविता भर रस्त्यात लुगडं सावरत पोरीपुढे उकिडवी बसली. कोमल जरा बिचकली; या हातांचा मार तिच्या पाठीला आठवत होता. सविता थांबली. पोरीनं वर बघेपर्यंत थांबली.

"कोमल, भूक लागली का गं?"

कोमलनं तिचे ओठ नीट पाहिले आणि मान हलवली. "व्हय, काकी."

बोलायला लागल्यापासून पोरीनं तिला हेच म्हटलं होतं, आणि आत्ताच, चार लोकांसमोर, सवितानं आपल्याच तोंडानं ते कायमचं करून टाकलं होतं. नंदाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. सवितानं तो झटकला नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पोरीसमोर तोंड नीट धरलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "चल मंग. काकी खाऊ घालते तुला."