रंगातला अर्धा तास

तिने प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि नेमकं त्याच क्षणी पलीकडून त्याने ते ओढलं. ती थेट त्याच्या अंगावरच जायची. त्याने मात्र आधी हातातली नळी सावरली.

"मी पडलो तरी चालेल, ही नको," तो म्हणाला. "तीन आठवडे वाढवल्यात या पेशी. जिवंत किती, ते मोजून द्याल?"

नवीन आलेला संशोधक तो हाच तर... तिने नमुन्यात निळा रंग घातला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. पण मोजायचं पाच मिनिटांत, नाहीतर तो रंगच जिवंत पेशींच्या जिवावर उठतो. सहा वर्षं ती हे नव्या मुलींकडून घोकून घेत होती.

ती सूक्ष्मदर्शकातून मोजू लागली, तसा तो समोरच्या स्टुलावर टेकला.

"मोजताना तुमचे ओठ हलतात म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"आत्ताच बघतोय ना."

बोलण्याच्या नादात अर्धा तास कसा गेला, कळलंच नाही. तो गेल्यावर तिने घाईघाईने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शंभरातल्या सत्तर मेलेल्या. फॉर्मवर 'रंगात किती वेळ' पुढे हात सवयीने 'पाच मिनिटं' लिहून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "पेशी सांभाळता येत नाहीत? चार वाजता सगळ्या फेकून द्या." तो मान खाली घालून उभा होता. ती पुढे झाली.

"मॅडम, चूक माझी आहे. रंग अर्धा तास राहिला. मी पाच मिनिटं लिहिलं."

"अर्धा तास काय करत होतीस?"

"यांच्याशी... बोलत होते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"पुन्हा मोज. आत्ता," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तो जवळ आला. तिला मान वर करवेना.

"काल पाच मिनिटं झाली, ते मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण उठवेना..."

"मग मॅडमना का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव आलं असतं."

तिचे कान तापले. तिने नव्या नमुन्यात रंग घातला, घड्याळ लावलं.

"आता पाच मिनिटं गप्प बसायचं."

तो गप्प बसला. तिचे ओठ हलत राहिले. शंभरातल्या चौऱ्याण्णव जिवंत. घड्याळ बघून तिने वेळ लिहिली आणि लाजेने लाल झालेला चेहरा आज पहिल्यांदाच त्याच्याकडे वळवला.

"बोला आता... कितीही वेळ."

त्याने स्टूल जवळ ओढलं.