न कापता दिसणारा साका

पावस गावातल्या पॅकिंग शेडमध्ये हापूसच्या राशीसमोर शमीम मुकादम चष्मा लावून बसली होती. फळाला हातही न लावता ती म्हणायची, "साका." कापलं की आत खरंच पांढुरका, स्पंजासारखा बिघडलेला गर निघायचा.

शेजारी बसलेल्या इंदुमती नाचणकरचा दर वेळी जळफळाट व्हायचा. तळहातावर नुसतं तोलून साका ओळखणारी आजूबाजूच्या गावांत ती एकटी. सव्वीस हंगाम शेडचे मालक साळवीशेठ पाहुण्यांना तिच्यापाशी घेऊन यायचे. या वर्षी चष्मा आला आणि पाहुणे शमीमभोवती जमू लागले. शमीमला काम शिकवलं होतं इंदुमतीनंच.

"त्यात आहे तरी काय?" एका पाहुणीनं विचारलं.

"काचेमागे ग्राफीन आहे, कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा," शमीम म्हणाली. "त्यावर क्वांटम डॉट पसरलेत, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश फळाच्या आत फिरून बाहेर येतो. कण तो टिपतात, ग्राफीन त्याची वीज वाहून नेतं. जरासा प्रकाशही पुरतो. आत साका असला की काचेत डाग दिसतो."

जेवणाच्या सुट्टीत चष्मा टेबलावर होता. इंदुमतीनं देठाचा चीक बोटावर घेतला आणि काचेला फासला.

दुपारी शमीमला फळाफळात डाग दिसू लागला. तिनं बाजूला काढलेली फळं साळवीशेठनी कापली. सगळी चांगली.

"डोळे फुटले काय गं? उद्यापासून येऊ नकोस!"

शमीमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंदुमतीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलं नाही.

"शेठ, चीक मी लावला."

साळवीशेठ कापलेली फळं तिच्यापुढे सरकवून निघून गेले.

शमीमनं काच पुसली आणि चष्मा इंदुमतीपुढे धरला. "बघा तरी, काकू."

इंदुमतीनं सकाळी स्वतः भरलेली पेटी पाहिली. बारांतल्या दोन फळांत डाग होता. तिनं ती कापली. दोन्हींत साका.

"आजच चुकलं," ती पुटपुटली.

"रोज दोन-तीन असतात," शमीम हळूच म्हणाली. "पेटी बंद व्हायच्या आधी मी बदलते. कुणाला ठाऊक नाही."

इंदुमतीनं चष्मा काढला. आभार मानायला हवे होते. चष्म्यापुढे आपण उणे पडलो हे एक वेळ पचलं असतं. पण या पोरीच्या चांगुलपणाचा हेवा वाटायला लागला, त्याचं काय करायचं?